परब बाईंचा ऑक्टोबर

परब बाई माझ्या दुकानात शिरल्या की आधी मशीनच्या ट्रेमध्ये डोकावायच्या. स्वतःचं काम मागाहून. माझं दुकान झेरॉक्सचं, मुलुंड पूर्वेला, आमच्या शाळेच्या फाटकासमोर. ट्रेमध्ये कुणाचं रेशनकार्ड पडलेलं असो की लग्नाचा बायोडाटा, बाई तो कागद उचलून उजेडाला धरणार, अक्षर किती बारीक आहे ते बघणार आणि मगच पिशवीतून लाइटबिल काढणार. परीक्षा आल्या की मुलं गाईडची पानं काडेपेटीएवढी लहान करून घेतात, त्याला मायक्रो झेरॉक्स म्हणतात. ती काढून देणारा दुकानदार हा कॉपी करणाऱ्या पोरापेक्षा मोठा चोर, असं बाईंचं मत. मी असलं काम कधी केलं नाही आणि हे त्यांना अनेकदा सांगून झालं होतं. त्या म्हणायच्या, "नाही करत ना? मग मी बघितलं तर तुझं काय जातंय?"

मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. 

बाई भूगोल शिकवायच्या, पण त्यांचा भूगोल आता कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहे ते त्यांचं सुपरव्हिजन. हात पाठीमागे बांधून, रबरी तळव्यांच्या चपला घालून त्या वर्गात फिरायच्या. चाल अगदी संथ. प्रत्येक बाकापाशी अर्धा क्षण थांबायचं, पुढे जायचं, आणि रांग संपायच्या आत मध्येच कधीतरी गर्रकन वळायचं. चपलांचा आवाज नव्हता, त्यामुळे बाई नेमक्या कुठे आहेत ते मागे वळल्याशिवाय कळायचं नाही, आणि मागे वळलं की संपलंच. एका बाकावर दोघी असतील तर एकीला 'अ' संच, दुसरीला 'ब'. दोन्हींत प्रश्न तेच वाटायचे, पण एकात कृष्णेचा उगम असायचा आणि दुसऱ्यात गोदावरीचा. शेजारणीचं बघून लिहिणारी बरोबर गोत्यात यायची. शेवटची घंटा झाली की पेनं खाली, आणि बाईंचा आवाज यायचा, "दोन्ही हात बाकावर. मला दिसतील असे." सगळे पेपर गोळा होईपर्यंत वर्गभर तळवे पालथे घालून आम्ही बसायचो, पालथी भांडी मांडून विकायला बसल्यासारखे.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. कुणी पेन चावत छताकडे बघत बसलेलं दिसलं की त्या शेजारी येऊन हळूच म्हणायच्या, "येत नसेल तर रिकामं सोड. रिकामी जागा खोटं बोलत नाही." त्यात माया होती की दम होता, मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

एकदा नववीतली एक मुलगी चुलत बहिणीच्या लग्नाची मेंदी हातावर घेऊन पेपरला आली. बाईंनी ती मेंदी पाहिली, पुढे गेल्या, परत आल्या. मग तिचा तळहात खिडकीकडे फिरवून धरला. पानं, फुलं, कोयऱ्या, आणि कोयऱ्यांच्या पोटात दक्षिणेकडच्या नद्यांची आद्याक्षरं, उत्तरेकडून खाली बरोबर क्रमाने. आईला बोलावलं. आई पोरीची बाजू घेऊन भांडायला लागली, घरात लग्न आहे, मेंदी काढायची नाही का? बाईंनी तिला शांतपणे विचारलं, "लग्नाला कावेरी कोणाकडची आली होती?"

सगळे हसले. मी नाही हसले, कारण त्याच वर्षी नाही तरी पुढच्याच वर्षी माझी पाळी आली. दहावीच्या प्रिलिमला मला भूगोलात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. तोवर मी कधी पहिल्या दहातही नव्हते. बाईंनी पेपर बाजूला काढला आणि मला स्टाफरूममध्ये एकटीला बसवून नवा पेपर सोडवायला लावला. माझे वडील मरोळला औद्योगिक वसाहतीत फिटर होते. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले आणि व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे राहिले. आम्ही जालन्याकडची माणसं, वस्तीतून सोसायटीत आमच्यातलं कुणी आलं नव्हतं अजून, आणि पोरगी चोर ठरली तर काय, ही भीती त्यांच्या तोंडावर मला काचेतून दिसत होती. दुसऱ्या पेपरात मला तेवढेच मार्क पडले. बाईंनी दोन्ही पेपर शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "बरं." बस. वडिलांना काही नाही, मला काही नाही. तो 'बरं' मी पुढे कितीतरी वर्षं चघळत होते. खरं सांगायचं तर त्याचा मला राग होता, आणि त्याच रागाने मी शाळेच्या फाटकासमोर दुकान टाकलं असावं, असा मला स्वतःचाच संशय आहे.

नंतर मी लग्न होऊन बाईंच्याच, शाळेशेजारच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले. बाई तिसऱ्या मजल्यावर. परब काका वारले, बाई रिटायर झाल्या, मुलगा प्रसाद हैदराबादला स्थायिक झाला. वर्ग सुटला तरी सुपरव्हिजन सुटलं नव्हतं. दूधवाला पिशवी ठेवून गेला की बाई ती वजनाच्या अंदाजाने तळहातावर झुलवून बघायच्या. पार्सलवाल्याने ओटीपी मागितला की म्हणायच्या, "आधी तुझा सांग." लिफ्टमध्ये त्या बसतच नसत. तिच्यात कॅमेरा लावल्यापासून ती कुणाला तरी चुगल्या सांगते, असं त्यांचं म्हणणं. प्रसादचा व्हिडिओ कॉल आला की मोबाइल छताकडे धरायच्या. तो बिचारा अर्धा तास पंख्याशी बोलायचा. "आईशी बोलायला फोन पुरतो," त्या मला म्हणाल्या, "चित्र कशाला हवं? घरात किती धूळ आहे ते बघायला."

प्रसाद शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. त्याने मला फोन करून आईकडे जरा लक्ष ठेव म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बाई दुकानात आल्या, ट्रे तपासला आणि म्हणाल्या, "प्रसादने तुला माझ्यावर सुपरव्हिजनला ठेवलंय ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी खाली बघितलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई मी, पण त्या नजरेपुढे माझी इयत्ता कायम दहावीच राहिली.

मग कुलपाचा प्रकार झाला. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावर आरडाओरडा ऐकून मी वर धावले. बाई सुर्व्यांच्या दारापुढे किल्ली घेऊन उभ्या होत्या आणि सुर्वे वहिनींना सुनावत होत्या, की कुलूप बदलून माझं घर लाटताय, मी तुमचे बेत ओळखून आहे. बाई चिडल्या की मालवणीवर येतात. "माका येडी समाजतस काय गो?" त्या विचारत होत्या, आणि सुर्वे वहिनी आतून लोखंडी दार धरून रडकुंडीला आली होती. मी बाईंना हळूच दारावरचा नंबर दाखवला. त्यांनी तो वाचला. मग जिन्याकडे पाहिलं. मग पुन्हा नंबराकडे. बाई चुकलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. त्या एक मजला वर चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी सुर्व्यांकडे घावण्यांचा डबा गेला, चटणीसकट. माझ्या मनात आलंच की प्रिलिमच्या वेळी मला कुणी घावणे दिले नव्हते.

ही बातमी हैदराबादला मी दिली नाही. सोसायटीत अशा गोष्टींना पोस्टमन लागत नाही. चार दिवसांत प्रसाद आला. आई, चल माझ्याकडे, एकटीने राहायचं वय नाही आता. बाई नको म्हणाल्या. त्याच सुमाराला आमची बिल्डिंग पाडून नवीन बांधायच्या गोष्टी चालल्या होत्या, मीटिंगांवर मीटिंगा होत होत्या. बाईंनी मला दार लावून सांगितलं, "याला मी नको आहे. याला घर रिकामं करून हवंय." आणि मलाही ते पटलं. प्रसाद सभ्य होता, हळू बोलायचा, आल्यावर माझ्या नवऱ्याचीही चौकशी करायचा. इतका सभ्य माणूस काहीतरी लपवतोय, हे बाईंच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही वाटलं असतं.

शेवटी तोडगा बाईंनीच काढला. त्या म्हणाल्या, "परीक्षा घ्या माझी." घाटकोपरला म्हाताऱ्या माणसांसाठी एक दवाखाना आहे. तिथे हातापायांची ताकद, चाल, तोल, स्मरण असं सगळं तपासून माणूस किती धड आहे आणि किती खिळखिळा झालाय त्याचा अहवाल देतात. एकटीने राहू शकते असं डॉक्टरने लिहिलं तर प्रसादने पुन्हा विषय काढायचा नाही. नाही राहू शकत असं लिहिलं तर बाई मुकाट हैदराबादला जातील. प्रसाद लगेच हो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, आणि साक्षीला मला उभं केलं.

तारीख मिळायला वेळ होता. त्या दिवसांत मला बाईंची काळजी वाटायला लागली. जिना चढताना त्या स्वतःशी पुटपुटायच्या. एकदा मी मागेच होते. "पेरू, छत्री, देऊळ," त्या म्हणत होत्या. कठड्याला धरून दम घेतला आणि पुन्हा, "पेरू, छत्री, देऊळ." मला वाटलं, बाजारहाट, पाऊस आणि दर्शन, सगळं एकात एक झालं. वाट लागली. प्रसादला कळवावं का, असं दोनदा मनात आलं. पण ती चुगली झाली असती, आणि बाईंच्या दरबारात चुगलीखोराला कॉपी करणाऱ्याच्याच रांगेत उभं करत. मी फोन केला नाही.

परीक्षेच्या दिवशी मीच त्यांच्याबरोबर रिक्षाने गेले. डॉक्टर शेख नावाची मुलगी होती, तिशीतली, हसरी. ती "या आजी" म्हणाली. बाई म्हणाल्या, "बाई म्हणा." मला भिंतीकडेच्या खुर्चीत बसायला सांगितलं. बाईंनी मला बजावलं, तोंड उघडायचं नाही.

मुठीत धरून दाबायचं एक यंत्र होतं. बाईंनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, माझ्या आधी कुणी दाबून ढिलं केलं नाही ना, असं विचारलं, आणि मग असं दाबलं की डॉक्टर आकडा बघून वा म्हणाली. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं, परत बसायचं, पुन्हा उठायचं. त्यातही बाई झकास. मग डॉक्टरने जमिनीवरच्या पट्टीपासून पट्टीपर्यंत चालायला सांगितलं. "घाई नको. नेहमी चालता तशाच चाला."

बाईंनी हात पाठीमागे बांधले. आणि त्या निघाल्या, नेहमीसारख्याच. संथ. दर दोन पावलांना अर्धा क्षण थांबत, डावीकडे उजवीकडे बघत. मध्येच गर्रकन वळून त्यांनी मी काय करतेय ते पाहिलं. डॉक्टरच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. तिने ओठ आवळून काहीतरी लिहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, ती सुपरव्हिजनची चाल आहे, बाई तरुणपणीही अशाच चालायच्या. पण तोंड उघडायचं नव्हतं.

मग स्मरणाची पाळी आली. डॉक्टरने तीन शब्द सांगितले, "गाजर, खिडकी, बहीण." बाईंनी ते तिच्यामागून म्हटले. नंतर कागदावर घड्याळ काढायला लावलं. बाईंनी तबकडी, आकडे, काटे सुरेख काढले, वर उत्तर दिशाही दाखवली, सवयीने. डॉक्टर हसली. मग तिने विचारलं, "मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते?"

बाईंनी मान सरळ केली. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखं खणखणीत उत्तर दिलं. "पेरू, छत्री, देऊळ."

डॉक्टरचं पेन थांबलं. तिने हळुवारपणे विचारलं, "नक्की? पुन्हा आठवून बघा." बाई म्हणाल्या, "नक्की म्हणजे? पेरू, छत्री, देऊळ." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. 

डॉक्टरने मला बाहेर घेतलं. विसरणं वेगळं, ती म्हणाली, पण न सांगितलेले शब्द इतक्या खात्रीने सांगणं हे मला जास्त काळजीचं वाटतं. चालही मंद आहे, मुलाने फोनवर सांगितलेला कुलपाचा प्रसंगही आहे. एकटं राहू देऊ नका असंच लिहावं लागेल. मी मान हलवत होते, आणि मान हलवता हलवता मला जिना आठवला. पेरू, छत्री, देऊळ बाईंच्या डोक्यातून उगवले नव्हते. सोसायटीतल्या दुपारच्या भजनी मंडळातल्या निम्म्या बायका याच दवाखान्यात तपासून गेल्या होत्या. त्यांनी कट्ट्यावर बसून एकमेकींना सांगितलं असणार, तीन शब्द विचारतात, हे हे विचारतात, पाठ करून जा. पेपर फुटला होता. आणि परब बाईंनी तो पाठ केला होता. आयुष्यभर 'अ' आणि 'ब' संच वाटणाऱ्या बाईंना, डॉक्टरकडेही दुसरा संच असेल, एवढा साधा संशय आला नव्हता. जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेऊन झाल्यावर नेमका तिथेच त्यांनी विश्वास ठेवला.

मला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. मी डॉक्टरला सांगितलं तर बाईंचं घर वाचत होतं. पण परब बाईंनी कॉपी केली, हे वाक्य माझ्या तोंडून, त्यांच्यादेखत? डॉक्टरच्या मागोमाग मी आत येऊन बाईंजवळ वाकले आणि पुटपुटले, "बाई, मी सांगू का त्यांना?" त्यांनी एकच शब्द उच्चारला, "बस." मग त्या उठल्या, खुर्चीचा हात न धरता, आणि डॉक्टरसमोर उभ्या राहिल्या. शाळेत पकडलेल्या पोरांना जसं उभं करायच्या तशाच.

"मी कॉपी केली," त्या म्हणाल्या. "शब्द मला आधीच कळले होते. सांगणाऱ्या बायकांची नावं मी सांगणार नाही. पाठ मी केले, दोष माझा."

डॉक्टरला आधी कळेचना. मग कळलं तशी ती खळखळून हसली, म्हणाली, अहो बाई, त्यात काय, सगळेच करतात. बाई हसल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"सगळे करतात म्हणून मी आयुष्यभर कुणाला सोडलं नाही," त्या म्हणाल्या. "हा पेपर रद्द धरा. मला ऑक्टोबरला बसू द्या."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. पूर्वी दहावीला नापास झालेली, पकडली गेलेली मुलं ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बसायची, हे मला तिला समजावून सांगावं लागलं. तिने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

परतीच्या रिक्षात बाई विक्रोळीपर्यंत रस्त्यावरच्या पाट्या वाचत होत्या. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "प्रिलिमला तुला मी परत बसवलं होतं. दोन्ही वेळा सारखे मार्क पडले तुला. तू कॉपी केली नव्हतीस, ते मला तेव्हाच कळलं."

मी त्यांच्याकडे वळले. "मग तेव्हा बोलला का नाहीत, बाई?"

"'बरं' म्हटलं होतं की."

त्या तीन आठवड्यांत बाई भजनाला गेल्या नाहीत. कट्ट्यावरून जाताना बायका हाक मारायच्या तर कानांवर पदर घट्ट ओढून पुढे निघायच्या. माझ्यामार्फत निरोप पाठवला की दवाखान्यातलं काही माझ्यासमोर बोलू नका. स्वतःवरचं सुपरव्हिजन मी असं पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्यावर संशय घेणारे पुष्कळ असतात. बाई आता स्वतःलाच बाकावर बसवून स्वतःभोवती फेऱ्या घालत होत्या, आणि त्यात वाळत चालल्या होत्या. एकदा मी वर गेले तर दार उघडून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. नाव आठवत होत्या की काय, मी विचारलं नाही. मला भीती वाटली.

ऑक्टोबर आला, म्हणजे महिना जूनच होता. या वेळी प्रसादही आला. चालण्याचा भाग डॉक्टरने पुन्हा घेतला. आत जाण्यापूर्वी मी तिला सुपरव्हिजनचं सांगितलं होतं, तेव्हा ती बाईंना म्हणाली, समजा शेवटच्या बाकावरचा मुलगा चिठ्ठी काढतोय. बाईंनी ते अंतर असं कापलं की घड्याळ दाबायला तिला उशीर झाला. प्रसाद हसला. डॉक्टरने आम्हा दोघांना हळूच सांगितलं, आज तीनांतले दोन शब्द आले तरी पुरे, दिवसा कुणी येऊन जाऊन असेल तर एकटीने राहायला हरकत नाही असं मी लिहीन. आम्ही दोघं भिंतीकडेच्या खुर्च्यांत बसलो. मी प्रसादकडे तिरप्या नजरेने बघत होते. याला आता काय हवंय, असं माझ्या मनात चाललं होतं.

शब्द होते, "गाय, चष्मा, पूल." बाईंनी म्हटले. घड्याळ काढलं. मग प्रश्न आला.

"गाय," बाई म्हणाल्या. आणि थांबल्या.

त्यांची बोटं साडीच्या काठावर फिरत राहिली.  त्या छताकडे बघत होत्या, आणि शेजारी येऊन काही सांगणारं कुणी नव्हतं. मला दोन्ही शब्द येत होते, ते माझ्या जिभेवर वळवळत होते. तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं. प्रसादने डोळ्यांवरचा चष्मा काढला होता. तो शर्टाच्या टोकाने पुसत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा, आईला दिसेल असा धरून.  आईला घेऊन जायला आलेला मुलगा तिला घरी ठेवण्यासाठी खुणा करत होता.

बाईंची नजर त्याच्यावर गेली. चष्म्यावर थांबली. त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा लहानपणापासून वाचत आलेय, त्यांना कळलं ते मला कळलं. एक शब्द उच्चारायचा होता, आणि घर, जिना, माझ्या दुकानाचा ट्रे, सगळं त्यांचं राहणार होतं.

"प्रसाद," त्या म्हणाल्या, "बाहेर जा."

"आई, मी फक्त..."

"बाहेर."

तो उठून गेला. बाई डॉक्टरकडे वळल्या. "एक आला. बाकीचे दोन येत नाहीत. रिकामं सोडा."

बाहेरच्या बाकावर प्रसाद तोंड ओंजळीत घेऊन बसला होता. तो मला म्हणाला की तिकडे नेल्यावर ती संशय कुणावर घेणार, तिला तिथे ओळखीचं कुणीच नाही, ती इथेच राहिलेली बरी. त्याच्यावर इतके दिवस घेतलेला संशय मी तिथेच टाकून दिला. पण बाईंचा मला भयंकर राग आला. एक शब्द. शहाणपणाची मोजणी चालली होती ना? मग समोर दिसणारा चष्मा ओळखणं यात शहाणपण नव्हतं? रिक्षात मी हे सगळं बोलले. तावातावाने. डॉक्टर अजून वर्षभर थांबा म्हणाली असती, प्रसाद तयार आहे, अहवाल कोण बघतंय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठरलं होतं ते ठरलं."

निघण्याच्या दिवशी गाडी सोसायटीच्या फाटकात उभी होती. बाई जिन्याने उतरल्या. दुसऱ्या मजल्यावर सुर्व्यांच्या दाराशी अर्धा क्षण थांबल्या, पहिल्या मजल्यावर थांबल्या, मग हात मागे बांधून रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आल्या. ट्रेमधला कागद उचलून उजेडाला धरला. कुणाच्या तरी भाडेकराराचा होता. तो परत ठेवला.

"तो चष्मा होता," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"मग म्हणायचं होतंत, बाई."

"प्रसादचा शब्द होता गं तो. माझा कुठे होता?"

त्या वळून निघाल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण बाईंनी चाल बदलली नाही. प्रसादने दार धरलं, त्या आत बसल्या. गाडी हलली तशी त्यांनी काच खाली केली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं, चष्म्यावरून, तेच ते. हात हलवून निरोप द्यायला माझा हात वर निघाला होता. तो मी खाली घेतला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले, त्यांना दिसतील असे.